सहा महिने बाहेरची ऑर्डर नाही

माझ्या विहिणीनं मला फसवलं, आणि तिच्याआधी मी माझ्या मुलीला फसवलं. दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत झाल्या, एकाच सतरंजीच्या कडेला. पहिली गोष्ट मी वर्षभर भेटेल त्याला सांगत आले. दुसरी कुणालाच सांगितली नाही. म्हणून ती लिहिते आहे.

मी मूळची फर्दापूरची. लेणी बघायला आलेले लोक जिथं गाड्यांतून उतरत, तिथं माझे वडील रंगीत दगड विकायचे. शाळेला सुट्टी लागली की टोपली घेऊन मीही उभी राहायची. घासाघीस मला तिथंच आली. भाव दुप्पट सांगायचा. गिऱ्हाईक पाठ फिरवून निघालं तरी चार पावलं गप्प राहायचं. आणि सौद्यात काहीतरी सोडावं लागतंच, तेव्हा ज्याची आपल्याला झळ लागत नाही ते आधी सोडायचं. वडील टोपलीत एक टिचका दगड कायम ठेवायचे, वर फुकट द्यायला. घेणाऱ्याला वाटायचं आपण जिंकलो, आणि चांगला दगड आमच्या भावात जायचा.

ह्याच अकलेवर मी घर उभं केलं, हे मी आजही छाती पुढं काढून सांगेन. लग्न होऊन शहरात आले तेव्हा नवरा वाळूजला कंपनीत शिफ्टवर होता आणि सिडकोत आमची भाड्याची दीड खोली होती. मी त्याच्या कंपनीतल्या पोरांचे डबे सुरू केले. पाचाचे दहा झाले, दहाचे चाळीस. मंडईत मला लांबून बघितलं की भाजीवाले एकमेकांना खुणा करायचे. माझा राग वाईट आहे, जीभ त्याहून वाईट आहे, आणि सौदा तुटला तर मी आठ-आठ दिवस धुमसत राहते. डब्यात खडा निघाला म्हणून ओरडणाऱ्या एका पोराला मी खडा परत मागितला होता. त्याच्याकडं नव्हता. मग मी तो महिना त्याला भाजी दुप्पट आणि तोंड वाकडं दिलं.

केक नंतर आले. शेजारणीच्या नातवाच्या वाढदिवसाला मी कुकरमध्ये बिनअंड्याचा केक केला, तो बरा झाला, म्हणून आठ दिवसांचा क्लास लावला. स्पंज मला लगेच जमला. सजावट जमली नाही. माझा हात पोळ्या लाटणारा, तो क्रीमच्या कोनावर जोर द्यायचा आणि फूल बसायचं पसरून. मुलगी तेव्हा नववीत होती. एक दिवस तिनं माझ्या हातातून कोन काढून घेतला, म्हणाली, "आई, तू दाबतेस. दाबायचं नाही, सोडायचं," आणि फिरत्या चकतीवर एकामागून एक सहा गुलाब सोडले. त्या दिवसापासून भट्टी माझी आणि हात तिचा.

गिऱ्हाइकाशी मात्र मीच बोलायची. कुणी विचारलं, "ताई, कुणी केलं हो हे?" तर मी म्हणायची, "मीच." एकदा एका घरी ती माझ्याशेजारी खोकं धरून उभी होती, आणि ती बाई मला म्हणाली, "तुमचा हात लई साफ आहे." मी मान हलवली. मुलगी पंख्याकडं बघत राहिली. घरी येताना स्कूटीवर मी तिला समजावलं, की कॉलेजच्या पोरीनं केलंय म्हटलं की लोक भाव पाडतात. ते खरंच होतं. लोक पाडतातच. ती मागून म्हणाली, "बरं." माझ्या मुलीच्या "बरं"मध्ये किती काय मावतं ते मला फार उशिरा कळलं.

तिचं स्थळ फुलंब्रीचं आलं. मोठी भावकी, शेती, घरचं दूध-दुभतं, मुलगा शहरात नोकरीला, रोजचं जाऊन येऊन. दोघं तीन महिने फोनवर बोलत होते आणि तिला तो आवडला होता. बैठकीच्या आदल्या दिवशी मी डब्यांसाठी कणीक मळत होते. ती क्रीमच्या कोनांची नोझलं धुऊन फडक्यावर ओळीनं मांडत होती. मांडता मांडता म्हणाली, "आई, उद्या एवढी एक गोष्ट बोलून घे. मी केक बंद करणार नाही. बाकी तुला काय कमी-जास्त करायचं ते कर."

मी म्हणाले, "तू त्याचा घोर करू नको."

तिनं आयुष्यात माझ्याकडं मागितलेलं असं हे एकच होतं. बूट, दप्तर, कपडे, सगळं मी आणायची तसं ती घालायची. हे एक तिनं तोंड उघडून मागितलं होतं.

बैठक आमच्याच घरी झाली. आमच्याकडं लग्न ठरलं की याद्या करतात. वहीच्या पानाला हळद-कुंकू लावतात आणि कोण काय देणार, कोण काय करणार, ते दोन्हीकडच्या माणसांसमोर लिहून काढतात, खाली सह्या करतात. लिहिलं की कुणाला फिरता येत नाही. सतरंजीवर बसले होते पुरुष: माझा मोठा भाऊ, तो मध्यस्थ, वही त्याच्याकडं, माझा नवरा, मुलाचे वडील आणि दोन चुलते. बायकांनी बैठकीत बोलायचं नसतं. विहीण स्वयंपाकघराच्या दाराशी पदर घेऊन बसली होती. मी तिच्या शेजारी बसले, पण माझं एक ढोपर सतरंजीवर होतं.

दहा मिनिटांत मी बोलायला लागले. भाऊ म्हणाला, "बाई, आम्ही आहोत ना बोलायला." मी म्हणाले, "व्हय दादा, पण तुम्ही सगळे बोलताय आणि खर्च वाढतोय." चुलते हसले. लग्नाचा खर्च दोघांत निम्मा-निम्मा ठरला. जेवणाची माणसं मी आठशेवरून पाचशेवर आणली. मग विषय निघाला मानपानाच्या साड्यांचा. त्यांच्या भावकीत बेचाळीस बायका होत्या. चुलती, आजेचुलती, आत्या, आत्यांच्या सुना, प्रत्येकीला मांडवात साडी आणि ब्लाउजपीस. मी म्हणाले, दहा. थोरले चुलते म्हणाले, बेचाळीसच्या बेचाळीस, नाहीतर बाकीच्या बत्तीस जणी वर्षभर आमच्या घरी पाणी पिणार नाहीत. मी गप्प बसले, चार पावलं.

तेव्हा विहीण पहिल्यांदा बोलली. "साड्या नकोत आम्हाला."

सगळे तिच्याकडं बघायला लागले. तिचा नवरासुद्धा.

"भावकीचं मी बघते," ती म्हणाली. "पण माझं एक आहे. पोरगी आल्या-आल्या दारात गिऱ्हाईक नको. कोण कुठलं येणार, फोन वाजणार, ही भट्टीपाशी आणि सासरची माणसं हिला वळखायची नायत. सहा महिने बाहेरची ऑर्डर नाय. मग करू द्या काय करायचं ते."

भावानं पेन थांबवलं. "बाई, पोरीला विचारून ये."

पोरगी माझ्या पाठीमागं दहा पावलांवर होती. ओट्यापाशी पाहुण्यांसाठी केक सजवत होती. आमच्यात पंखा फिरत होता, आत कुकरची शिट्टी झाली. मला उठायचं होतं फक्त.

मी म्हणाले, "विचारायचं काय त्यात, दादा? सहाच तर महिने आहेत. लिहा."

त्या क्षणी माझ्या मनात काय होतं ते मी खरं लिहिते. मला वाटलं, विहिणीला सौदा येत नाही. बेचाळीस साड्या सोडून हिनं घेतलं काय, तर सहा महिने. ते महिने माझ्या टोपलीतले नव्हतेच, म्हणून मला झळ लागली नाही. सहा महिने कोण मोजतं, दोन महिन्यांत पोरगी आपसूक सुरू करील, असंही वाटलं. दादानं लिहिलं, 'सहा महिने बाहेरची ऑर्डर नाही.' मी हट्टानं मुलीकडची पहिली सही केली, नवऱ्याच्याही आधी. मग मुलगी केक घेऊन बाहेर आली. पिस्त्याच्या रंगाचं क्रीम, कडेनं जाईची फुलं, इतकी बारीक की चुलत्यांनी खरी समजून एक उचलून बाजूला ठेवलं. विहिणीनं तुकडा खाल्ला आणि विचारलं, "कुणी केला?"

सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "घरचाच आहे."

रात्रीची भांडी घासताना मी तिला अट सांगितली, हलक्या आवाजात, साड्यांची गोष्ट मोठी करून. ती म्हणाली, "बरं."

पुढचे दोन महिने कसे गेले ते मला आता सलग आठवत नाही. सकाळी चाळीस डबे. अकरानंतर लग्नाची कामं. दुपारी स्पंज. लग्नाची तिथी आली की ती सगळ्यांनाच येते, त्यामुळं ज्या आठवड्यात माझ्या मुलीचं लग्न, त्याच आठवड्यात निम्म्या शहराची लग्नं आणि रिसेप्शनचे केक. शहाण्या बाईनं ऑर्डरी घेतल्या नसत्या. मी घेतल्या, पाच. सीझनमध्ये नाही म्हटलं की गिऱ्हाईक दुसरं दार शोधतं, ही माझी अक्कल. पत्रिका वाटून यायची, आल्यावर येसर भाजायचा, लग्नातल्या आमटीसाठी धान्यं आणि मसाले लोखंडी कढईत मंद आचेवर काळे होईपर्यंत हलवत राहायचे. ते हलवताना एका कानाला फोन, त्यात कुणीतरी विचारतंय, 'ताई, केकवर आमच्या दोघांचा फोटो येईल का?' एकदा त्या नादात येसरची एक कढई जळाली आणि मी फोनवरच्या नवरीला रागावले.

बस्ता गुलमंडीत बांधला. दोन्हीकडची माणसं एकत्र बसून लग्नाचे सगळे कपडे एकाच दुकानातून घेतात, तो बस्ता. मी चार तास घेतले. शालूच्या घड्यांचा ढीग माझ्या गुडघ्याएवढा झाला. शेवटी म्हातारा दुकानदार हात जोडून म्हणाला, "अम्मा, आप इधर गादी पे आके बैठो, मैं उधर बैठता." सगळं दुकान हसलं. विहीण म्हणाली, "आमच्या विहीणबाई दुकानदाराला सासरी पाठवतील." मी खूश होते. मुलीला एक मोरपंखी शालू आवडला होता. भाव पडावा म्हणून मी तो बोटानं ढकलून दिला आणि म्हणाले, "हा रंग हिला काळी पाडतो." दुकानदारानं भाव पाडला, पण तोवर ती दुसऱ्या साडीवर हात ठेवून बसली होती. मी पुन्हा तोच काढायला लावला तर म्हणाली, "नको, मला काळी पाडतो." मी हसण्यावारी नेलं.

तिच्या वहीत तिच्या स्वतःच्या लग्नाच्या केकचं चित्र होतं. तीन मजले, उतरत्या वेलीला निळी गोकर्णाची फुलं. मला दाखवलं तेव्हा मी म्हणाले, इतकी वर्षं लोकांचे करतोय, हौस फिटली नाही का? आपल्या घरच्या माणसांना श्रीखंड आवडतं. तिच्या लग्नात केक नव्हता.

मेंदीच्या दिवशी सकाळी मेंदीवाली बाई येऊन बसली आणि एका रिसेप्शनचा केक अर्धा राहिला होता. उन्हाळा असा की क्रीम हातात पाणी व्हायचं. निजायच्या खोलीत एसी होता, तिथं मुलीचे लग्नाचे कपडे पलंगावर मांडलेले. कपड्यांवर चादर टाकून तिनं तिथंच केक पुरा केला. मेंदीवाली बाहेर दोन कप चहा प्याली आणि तिसऱ्याला म्हणाली, "मावशी, नवरी कामाला गेलीय का?" दुपारी मुलीचे हात मोकळे झाले. तिनं साबणानं दोनदा धुतले, पण क्रीमचा ओशटपणा कातडीत मुरलेला असतो. मेंदीचा रंग चढला नाही. गव्हाच्या कोंड्यासारखा फिका राहिला. लग्नात विहिणीनं तिचा हात उलटा करून बघितला आणि बायकांना ऐकू जाईल असं म्हणाली, "रंग नाय चढला. सासूचा जीव नाय म्हणायचा काय?" बायका हसल्या. मुलगी पण हसली. मी मधेच म्हणाले, "लवकर धुतली हिनं, ऐकत नाही." तिच्या हातांवरचा दोषसुद्धा मी तिच्यावरच टाकला.

आणि तो रिसेप्शनचा केक पोचवायला मी स्वतः गेले होते. तिथं मला विचारलं, कुणी केला. मी काय म्हणाले ते लिहायची गरज नाही.

ती सासरी गेली आणि माझं दुकान बसलं. भट्टी होती, स्पंज होता, हात नव्हता. मी गुलाब काढून बघितले. नवरा कामावरून आला, त्यानं टेबलावर बघितलं आणि विचारलं, "कोबी?" तो सहसा विनोद करत नाही, त्यानं तो विनोद केलाही नसावा. गिऱ्हाइकांना मी सांगायला लागले की हात दुखतो. ज्या हाताचं कौतुक मी दहा वर्षं घेतलं, तो दुखतो म्हणून सांगणं काही अवघड नव्हतं. मी डब्यांवर आले आणि सहा महिने मोजायला लागले. मी. जिला वाटलं होतं, कोण मोजतं.

सहा महिने सरले त्याच आठवड्यात तिच्या पुतण्याच्या वाढदिवसाला आम्हाला बोलावणं आलं. घराच्या पडवीत टेबल, त्यावर केक, केकवर नांगरट केलेलं शेत, बैलजोडी, विहीर, विहिरीवर दोर. मी बघतच राहिले. माझ्याकडं असताना तिनं असं कधी केलं नव्हतं, कारण माझ्याकडं गुलाब खपायचे. विहीण प्रत्येक पाहुण्याला हाताला धरून आणत होती. "ह्ये बघा. आमच्या सूनबाईनं केलंय. संभाजीनगरात शोधून असं मिळायचं नाय." तिनं माझ्या मुलीचं नाव घेऊन सांगितलं, माहेरचं नाव सुद्धा. मी पाण्याचा पेला घेऊन तिथंच उभी होते. माझ्याकडं कुणी बघितलं नाही.

जावयाच्या चुलत बहिणीनं तिथंच तिच्या पोरीच्या बारशासाठी सांगून ठेवलं. मधल्या जावेनं तिच्या भावाच्या साखरपुड्यासाठी. चुलतसासऱ्यांनी त्यांच्या साहेबांच्या निवृत्तीसाठी. मी मुलीला हळूच विचारलं, हे किती चालतं? म्हणाली, आठवड्याला दोन, कधी तीन. बेचाळीस घरं आहेत, आई, आणि प्रत्येकाला वाढदिवस आहे.

माझं डोकं फिरलं. मी विहिणीला स्वयंपाकघरात गाठलं.

"विहीणबाई, बाहेरची ऑर्डर नाही म्हणालात ना?"

"हे बाहेरचं कुठं आहे? घरचंच तर आहे सगळं."

"साहेबाची निवृत्ती घरची?"

"चुलते घरचे, त्यांचा साहेब घरचा." ती भजी तळत होती, झारा खाली न ठेवता बोलत होती. "सहा महिने झाले म्हणताय, व्हय, झाले. मी कुठं अडवलंय? तिला सवड झाली की करू दे बाहेरचं. पण घरचंच पुरत नाय तिला."

"फसवलंत तुम्ही मला."

"साड्या सोडल्या का नाय मी?" ती म्हणाली. "बेचाळीस बायांची तोंडं मी गप्प केली. कशानं केली असतील?"

तेव्हा मला कळलं. माझ्या मुलीच्या हातानं केली होती. साडीच्या बदल्यात प्रत्येकीला केक. फर्दापूरच्या बाजारात माझ्यासमोर असा माणूस कधी आला नव्हता. मी आवाज चढवला. काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. शेवटी मुलगी आत आली, माझा दंड धरून म्हणाली, "आई, चल मागं," आणि मला गोठ्यापलीकडं पाण्याच्या टाकीपाशी घेऊन गेली.

मला वाटलं ती रडेल. मी चालता-चालता ठरवलंच होतं, की हिला आत्ताच्या आत्ता घेऊन जायचं आणि तिकडं दुकान पुन्हा उघडायचं. ती टाकीच्या कट्ट्यावर बसली आणि म्हणाली, "कशाला भांडलीस?"

"फुकट राबवतात तुला."

"तू काय द्यायचीस?"

मी म्हणाले, "ते आपलं घर होतं."

"हेच म्हणतात तेपण," ती म्हणाली. "इथं भांडी तरी मला घासावी लागत नाहीत. आणि माझं नाव घेतात."

 मग तिनं मला सांगितलं, जे मला माहीत नव्हतं. बैठकीच्या दहा दिवस आधी जालना रोडवरच्या एका मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकानं तिला बोलावलं होतं. केक कोण सजवतं ते त्याला कसं कळलं कोण जाणे. त्यानं येणाऱ्या सीझनचे सगळे केक तिच्याकडं द्यायचं ठरवलं होतं, तिच्या नावानं. ती एकटी जाऊन बोलून आली होती, वेळा ठरवून आली होती, फुलंब्रीहून रोज येणं कसं जमेल ते नवऱ्याशी बोलून ठेवलं होतं. बैठक झाली की मला सांगणार होती. मला आनंद होईल म्हणून राखून ठेवलं होतं. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी तिनं त्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं.

"मग तेव्हाच का नाही बोललीस?" मी विचारलं. "मी यादी फाडली असती."

"मी ऐकत होते, आई," ती म्हणाली. "मामा म्हणाला ना, पोरीला विचारून ये. मी कोन खाली ठेवला होता. वाट बघत होते तू आत येशील."

पडवीतून कुणीतरी तिला हाक मारली. केक कापायची वेळ झाली होती. ती उठली, हात पदराला पुसले आणि गेली. मी तिथंच बसून राहिले.

त्याला आता वर्ष होत आलं. मी दोनदा तिला म्हणाले, चल, पुन्हा सुरू करू, तुझ्या नावानं पाटी लावू, फोन तू घे. दोन्ही वेळा ती म्हणाली, "बघू." कार्यालयानं दुसरी मुलगी धरली. जावई म्हणतो, हिला वाटलं तर करू दे, माझी ना नाही. विहीण म्हणते, मी कुठं अडवलंय. सासरे म्हणतात, घरातलं बायकांनी बघावं. कुणीच अडवत नाही आणि आठवड्याचे दोन-तीन केक चालू आहेत. आता ती मागत नाही, ह्याचीच मला जास्त भीती वाटते. जे माणूस एकदाच मागतं, ते दुसऱ्यांदा मागेल अशी आशा धरणं हा मूर्खपणा आहे, हे मला, सौद्यावर जगलेल्या बाईला, कुणी सांगायला नको.

मी विहिणीला शिव्या देते तेव्हा माझ्या आवाजात जोर कमी पडतो, हे लोकांच्या लक्षात आलंय. तिनं माझ्या मुलीला मी वापरायची तसंच वापरलं, जरा जास्त हुशारीनं आणि जरा जास्त मानानं. दहा वर्षांत मी एकदा तरी म्हणाले असते, की हा हात माझ्या पोरीचा आहे, तर त्या बैठकीत सहा महिने मला टिचक्या दगडासारखे वाटले नसते.

पण म्हणून मी विहिणीला सोडणार नाही. मी भावाला निरोप दिलाय. पुन्हा बैठक बोलवा. सगळी तीच माणसं, चुलते धरून. ह्या वेळी सतरंजीच्या मधोमध माझी मुलगी बसेल आणि मी आणि विहीण दाराशी. ती विचारील त्याला आम्ही दोघींनी उत्तर द्यायचं, सगळ्यांदेखत, पदराआड न जाता. आधी तिनं मला विचारावं, की दहा पावलं चालायची होती, तू का आली नाहीस. माझ्याकडं त्याचं उत्तर नाही, आणि ते तिच्या तोंडावर सांगण्याची माझी तयारी आहे. त्यानंतर विहीणबाई, तुमची पाळी. सहा महिने कधी संपले आणि त्यानंतरचे केक कुणाच्या परवानगीनं झाले, ते तुम्ही माझ्या मुलीला सांगायचं. तोवर मी तुम्हाला तिथून उठू देणार नाही.